माडाच्या बुंध्याला अळंबी आली आहे, कोणतं औषध मारू?

श्रीवर्धनच्या बाजूने एकांनी विचारलं आहे. वाडी आजोबांच्या वेळची, माड चाळीसएक वर्षांचे, मधल्या जागेत पोफळी. स्वतः मुंबईला असतात, वाडी वडील बघतात. गेल्या वर्षी एका माडाच्या बुंध्याला जमिनीलगत तपकिरी, लाकडासारखी कडक अळंबी आली. वडिलांनी ती कोयत्याने उडवली आणि वर डांबर फासलं. या पावसाळ्यात त्याच जागी दोन आल्या. त्या माडाच्या खालच्या झावळ्या लोंबायला लागल्यात, नारळ निम्म्यावर आलेत. शेजारच्या माडाच्या बुंध्यातून गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत लालसर पाणी गळतंय, पण अळंबी नाही. वीसएक फुटांवरचा तिसरा माड दिसायला ठणठणीत. अळंबी मारायला कोणतं औषध वापरायचं आणि माड वाचतील का, हे त्यांना हवं आहे.

नको वाटणारं आधी सांगून टाकतो. ज्याला अळंबी आली तो माड गेला. अजून उभा आहे, अजून चार नारळ देतोय, पण गेला. दुसरा वाचू शकतो, मात्र हातातला वेळ महिन्यांत मोजायचा. तिसऱ्याला तुम्ही एका ओळीत उरकलंत. मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच आहे. आणि औषध अळंबीवर मारायचं नसतं. एवढं पटलं तर पुढची कामं कळायला सोपी जातील.

अळंबी हे रोगाला धरलेलं फळ आहे. फांदीवरचा आंबा काढला म्हणून कलम मरत नाही, तसंच हे. बुरशीचं खरं अंग म्हणजे पांढरे, सुतासारखे धागे. ते बुडख्यात आणि मुळांत पसरलेले असतात आणि अळंबी बाहेर दिसेपर्यंत त्यांचं आतलं बरंचसं काम उरकलेलं असतं. ही बुरशी गॅनोडर्मा. कार्स्टेन नावाच्या फिनलंडच्या शास्त्रज्ञाने १८८१ मध्ये हे नाव दिलं. त्याचा अर्थ चकचकीत कातडी. नाव शोभतं. कोवळी अळंबी वरून पॉलिश केल्यासारखी तांबूस-तपकिरी असते, कडेला वाढती पांढरट-पिवळी किनार असते, खालची बाजू पांढरी आणि सुईने टोचल्यासारखी बारीक छिद्रांची. त्या पांढऱ्या बाजूवर नखाने ओरखडा काढा, तिथे तपकिरी रेघ उमटेल. जून झाली की आजूबाजूच्या गवतावर, खाली पडलेल्या चुडतांवर कोकोसारखी तपकिरी पूड बसलेली दिसते. ते तिचे बीजाणू. मोठ्या अळंबीतून ते दिवसाला अब्जावधी बाहेर पडतात. म्हणून अळंबी काढायची ती कोवळी असतानाच, पिशवीत धरून काढायची आणि जाळायची. उडवून तिथेच टाकली तर काढून उपयोग नाही.

कोकणात लाकडी अळंबी कुणाला नवी नाही. जुन्या फणसाच्या खोडावर येणारा फणसांबा अजून कित्येक घरांत डब्यात जपून ठेवलेला असतो. मुलाची लाळ गळायला लागली किंवा तोंड आलं की सहाणेवर उगाळून लावतात. ती फेलिनस गटातली बुरशी. एकाच जागी वर्षानुवर्षं थरावर थर चढवते, फणसाच्या गाभ्यातलं लाकूड खाते आणि फणस तिच्यासकट पुष्कळ वर्षं फळं देत राहतो. म्हणूनच माडाची अळंबी बघून लोकांना घाबरायला होत नाही. फणसाला चालते, मग माडाला का नाही?

कारण माड हा आतून फणसासारखा नाहीच. फणस, आंबा यांच्या सालीखाली वाढीचा एक थर असतो. जखम झाली की तो थर कडेने नवं लाकूड घालून ती बुजवतो, आणि मधला गाभा कुजला तरी बाहेरचं ताजं लाकूड पाणी वर नेत राहतं. माडाला तो थर नाही. त्याचं खोड एकदाच तयार होतं, पुढे जाड होत नाही, झालेली जखम जन्मभर बुजत नाही. पाणी नेणाऱ्या शिरा खोडभर विखुरलेल्या असतात, ‘हा भाग मेला तरी चालेल’ असा वेगळा गाभा नसतो. मुळांचंही तसंच. सोटमूळ नाही, बुडख्यातून बोटाएवढी जाड हजारो मुळं निघतात, जुनी मरतात, नवी फुटतात. गॅनोडर्मा हा बुडखाच पोखरते. नवी मुळं फुटायची जागाच संपली की वर कितीही खत-पाणी घाला, शेंड्याला पोचत नाही. झावळ्या पिवळ्या पडून खालून एकेक लोंबतात, खोडाला लुगडं गुंडाळल्यासारख्या लपेटून बसतात. पोयी येत नाहीत, बोंडं गळतात, शेंडा बारीक होत जातो.

असा माड पहिल्यांदा तोडला तो दिवस मला लख्ख आठवतो. आमची वाडी दापोली तालुक्यात, खाडीच्या तोंडाशी पुळणीत, म्हणजे किनाऱ्याच्या रेताड जमिनीत. मीही तेव्हा अळंबी उडवून डांबर फासलं होतं आणि दोन वर्षं स्वस्थ बसलो होतो. जमिनीपासून हातभर उंचीवर कुऱ्हाड घातली. चांगल्या माडाला कुऱ्हाड लागली की ठण्ण आवाज येतो, हात झिणझिणतो. इथे भद्द आवाज आला आणि पातं आत रुतलं. कापलेला भाग बघितला तर बाहेरची चारेक बोटं लाकूड धड, आत तपकिरी-पिवळा, ओला, चहात बुडवलेल्या टोस्टसारखा भुसभुशीत ऐवज, मधे मधे पांढऱ्या धाग्यांच्या जाळ्या. पावसात कुजलेल्या पेंढ्याला येतो तसला वास. मुठीत दाबलं तर पाणी निथळलं. त्यानंतरच्या तीन वर्षांत त्याच ओळीतले पाच माड गेले, आणि ते ज्या क्रमाने गेले तो क्रम पाटाच्या पाण्याच्या वाटेचा होता. पाटाच्या वरच्या अंगाचा एकही गेला नाही. त्या पाच माडांनी मला जे शिकवलं तेच इथे लिहितोय.

बुरशी शेजारी जाते कशी, हे समजून घ्या. रोगट मूळ आणि निरोगी मूळ जमिनीत एकमेकांना टेकतात, तिथून ती पलीकडे शिरते. नुसत्या मातीत, लाकडाशिवाय तिला फार लांब जाता येत नाही; तिला खायला बुडखा किंवा मूळ लागतं. मेलेल्या झाडाचा बुडखा जमिनीत राहिला तर तेच तिचं वर्षानुवर्षांचं कोठार. बीजाणू ताज्या जखमेतून, उघड्या खुंटातून शिरतात. कुजक्या मुळांचे तुकडे नांगराने, कुदळीने, पाटाच्या पाण्याने इकडचे तिकडे जातात.

आता तुमच्या वाडीकडे येतो. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने श्रीवर्धन, मुरुड, दापोलीच्या पट्ट्यात माड-पोफळी आडव्या केल्या, हे तुम्ही-आम्ही डोळ्यांनी पाहिलं. पडलेलं वरचं आवरलं गेलं, पण पाखाडीतून, म्हणजे वाडीच्या अरुंद पायवाटेतून, जेसीबी आत शिरत नाही, म्हणून बुडखे बहुतेक वाड्यांत जागच्या जागी राहिले. जे माड उभे राहिले त्यांनाही वाऱ्याने इतकं हलवलं की त्यांची मुळं आत तुटली. एकीकडे बुरशीला कोठार, दुसरीकडे उघड्या जखमा. तमिळनाडूत तंजावर जिल्ह्यात हा रोग ठळकपणे नजरेत आला तो १९५२ च्या चक्रीवादळानंतर. तिकडे अजून त्याला तंजावर मर म्हणतात. तुमच्या पहिल्या माडाच्या आसपास वादळात पडलेल्या झाडाचा बुडखा आहे का, ते वडिलांना विचारा. माडाचाच असायला हवा असं नाही. सुरू, गुलमोहर, करंज यांच्यावरही ही बुरशी राहते. किनाऱ्यालगत सुरूची बनं आहेत, तिथल्या खुंटांवर या अळंब्या मी पुष्कळदा पाहिल्यात.

दुसऱ्या माडाचं गळणारं लाल पाणी गॅनोडर्माचंच आहे का, ही खात्री आधी करायला हवी, कारण माडाला लाल पाणी तीन-चार कारणांनी सुटतं. गॅनोडर्माचं पाणी अगदी बुडापासून सुरू होतं आणि वर चढत जातं, पुरुषभर उंचीच्याही वर जाऊ शकतं. खोडाला मध्येच उभी भेग आणि तिथून काळसर-तांबडा ओघळ, खाली बुडाशी मात्र कोरडं, असं असेल तर तो खोड पाझरण्याचा वेगळा रोग; तिथला कुजका भाग तासून मोरचूद-चुन्याचं बोर्डो मलम लावलं की बरेच माड सावरतात. भोकातून तपकिरी चिकट पाणी, सोबत चावलेला चोथा, आणि कान लावला तर आत करकर, म्हणजे सोंड्या भुंगा. मधला कोंब ओढल्यावर हातात येतो आणि घाण वास येतो, ती कोंबकूज; तिचा बुंध्याशी संबंध नाही. तुमच्या वर्णनावरून, शेजारी अळंबीचा माड असताना, मी हे गॅनोडर्माच धरून चालेन. तरी वडिलांना कोयत्याच्या पाठीने बुंध्यावर चारी बाजूंनी ठोकून बघायला सांगा. त्यांचा कान तयार असेल. कुठल्या अंगाला आवाज भरीव आहे आणि कुठे बसका, हे त्यांना लगेच कळेल.

पहिला माड काढायचा. हे वडिलांना पटवणं सगळ्यात अवघड, मला माहीत आहे. आजोबांनी लावलेला माड, त्यात अजून नारळ लागतायत, आणि आपल्याकडे उभ्या माडावर कुऱ्हाड घालायला कुणाचा हात धजत नाही. त्यांना औषधाचं नाव सांगू नका, तिसरा माड दाखवा. तो राखण्यासाठी हा जातोय. वरचं खोड धड असेल तर साकवाला, गोठ्याला वापरायला हरकत नाही. खालचं पाच-सहा फूट आणि बुडखा मात्र मुळांसकट खणून काढायचा. अर्धवट नको. वाडीत जेसीबी येत नसेल तर दोन गडी चार दिवस लागतील, पण खर्च करायचा तो याच कामावर. निघालेला बुडखा, मुळं, अळंब्या तिथेच वाळवून जाळा. त्या लाकडाचा भुसा, त्या माडाची सोडणं (नारळाची सालं) दुसऱ्या आळ्यात आच्छादनाला घालू नका. खड्डा उन्हाळाभर उघडा राहू द्या.

खणायला लगेच जमणार नसेल तर निदान चर मारा. रोगट माडापासून सव्वा ते दीड मीटरवर चहूबाजूंनी, १ मीटर खोल आणि ३० ते ५० सेंटीमीटर रुंद. खणलेली माती आतल्या अंगाला टाका, निरोगी माडाकडे नको. पुळणीत चर ढासळतो, म्हणून पाऊस संपल्यावर करा आणि अधूनमधून साफ करत राहा. चराचं काम मुळांची गाठभेट तोडणं एवढंच आहे. तो बुजला की केलं-न केलं सारखं.

दुसऱ्या माडाला मुळातून औषध द्यायचं. हेक्साकोनॅझोल ५ टक्के हे बुरशीनाशक, १०० मिली पाण्यात २ मिली, दर तीन महिन्यांनी एकदा, वर्षभर. जुन्या माहितीपत्रकांत ट्रायडेमॉर्फ लिहिलेलं सापडेल. त्यावर २०१८ पासून देशात बंदी आहे, कुणी काढून दिलं तरी घेऊ नका. बुंध्यापासून तीनेक फुटांवर हलक्या हाताने माती उकरा. पेन्सिलीएवढं जाड, तांबूस, टवटवीत मूळ शोधा. काळं, पोकळ मूळ काहीच ओढत नाही. धारदार सुरीने तिरका छेद द्या, मुळाचं टोक औषधाच्या छोट्या पिशवीत तळापर्यंत सोडा, तोंड सुतळीने आवळा, वर माती सारा. दुसऱ्या दिवशी सकाळी बघा. पिशवी मुळाला चिकटून रिकामी झालेली असेल तर माडाची ओढ अजून शाबूत आहे. दोन दिवसांनीही तशीच भरलेली असेल तर दुसरं मूळ निवडा. तीन-चार मुळांनी नाकारलं तर तो माडही पहिल्याच्याच वाटेवर आहे असं समजा. औषध द्यायच्या आधी तयार नारळ आणि शहाळी उतरवून घ्या, नंतर दीड महिना त्या माडाचं काही खाऊ नका. हे घरात सगळ्यांना सांगा, विशेषतः शहाळं मागणाऱ्या पाहुण्यांना.

सोबत आळ्यात १ टक्का बोर्डो मिश्रण, एका माडाला ४० लिटर. १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या पिंपांत भिजवून मग एकत्र करायचं; लोखंडी भांडं नको. झालेल्या मिश्रणात घासलेली सुरी क्षणभर बुडवा, पात्यावर तांब्याचा लाल थर आला तर चुना कमी पडलाय, आणखी घाला. मुसळधार पावसात ओतलं तर सगळं वाहून जातं. दसऱ्यानंतर एकदा आणि पुन्हा मिरगाच्या आधी, अशा वेळा मी धरतो.

तिसऱ्याला, आणि खरं म्हणजे त्या टापूतल्या प्रत्येक माडाला, दरवर्षी ५ किलो निंबोळी पेंड द्या. पेंड ओलसर करून तिच्यात ट्रायकोडर्मा मिसळा, सावलीत गोणपाटाखाली आठ-दहा दिवस ठेवा, हिरवट बुरा चढला की चांगल्या कुजलेल्या शेणखताबरोबर आळ्यात पसरून मातीआड करा. ट्रायकोडर्मा ही बुरशीला खाणारी बुरशी. बोर्डोमधलं तांबं तिलाही मारतं, म्हणून दोन्हींत महिनाभराचं अंतर ठेवा. ट्रायकोडर्मा दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे किंवा भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रात विचारून, ताज्या तारखेचं घ्या. दुकानात उन्हात पडलेल्या जुन्या पाकिटात जिवंत काही उरलेलं नसतं. माझे पहिल्या वर्षीचे पैसे तसेच गेले.

पाण्याची पद्धत बदला. एका आळ्यातून दुसऱ्यात पाट फिरवायचा नाही. प्रत्येक माडाला वेगळं पाणी, ठिबक असेल तर उत्तम. आणि उन्हाळ्यात पाणी तोडू नका. पुळणीतल्या वाडीत फेब्रुवारी ते मे माड तहानलेला राहिला की हा रोग जोर धरतो. उलट जांभ्याच्या कातळावरच्या पातळ मातीत पावसाळ्यात पाणी साचतं आणि मुळं गुदमरतात, तिथे आधी निचरा काढा. बुंध्याजवळ खोल खणणी नको. नारळ पाडायला चढण्यासाठी खोडात पायऱ्या पाडायची पद्धत तर बंदच करा. प्रत्येक खाच ही कायमची उघडी जखम आहे. मधल्या मोकळ्या जागेत केळी लावा. ज्या वाड्यांत माडात केळ आहे तिथे हा रोग कमी फिरतो.

पोफळींचं तुम्ही विचारलं नाहीत, पण त्या सुटलेल्या नाहीत. कर्नाटकात पोफळीच्या याच रोगाला अणबे रोग म्हणतात. अणबे म्हणजे कन्नडमध्ये अळंबी. म्हैसूर मुलखात फिरलेल्या बुकानन या ब्रिटिश प्रवाशाच्या १८०७ च्या लिखाणातही त्याचा उल्लेख आहे, इतका तो जुना. माड साडेसात मीटरवर असतात, पोफळी पावणेतीन मीटरवर. मुळं एकमेकांत गुंतलेली, त्यामुळे एक लागली की शेजारची लवकर लागते. पहिल्या माडाला लागून असलेल्या पोफळींचे बुंधे आजच ठोकून बघा. पिवळी पडून मान टाकलेली, बुडाशी तपकिरी डाग आणि ओघळ असलेली पोफळ दिसली तर तीही बुडख्यासकट काढा. पोफळीवर उपचार करत बसण्यात मी वेळ घालवत नाही.

एक शेवटचं विचारलंत, की हीच अळंबी परदेशी औषध म्हणून महाग विकतात, मग आपण उकळून प्यायली तर? नको. गॅनोडर्मात जाती पुष्कळ, आणि नुसत्या डोळ्यांनी त्या ओळखता येत नाहीत. शिवाय तुमच्या अळंबीवर डांबर फासलेलं आहे.

पहिल्या माडाच्या जागी नवा लावायची घाई करू नका. बुडखा काढलेल्या जागी मी वर्षभर केळ ठेवतो, मग खड्ड्याची माती बदलून, निंबोळी पेंड घालून, जुन्या खड्ड्यापासून थोडं सरकून बाणवली जातीच्या माडाचं रोप लावतो. असे लावलेले दोन माड आज धरतायत.

आत्ता, या आठवड्यात, वडिलांना दोन गोष्टी करायला सांगा. दुसऱ्या माडावर पाणी जिथपर्यंत चढलंय तिथे पांढऱ्या रंगाने आडवी रेघ मारून शेजारी तारीख लिहायची. तिसऱ्या माडाच्या बुडाशी वाढलेलं गवत काढून बुंधा जमिनीपर्यंत उघडा करायचा, म्हणजे पहिला थेंब दिसेल. दर महिन्याच्या त्याच तारखेला दोन्ही बघायचे. दोनदा मुळातून औषध दिल्यावरही ओघळ रेघेच्या वर गेला, तर अळंबीची वाट न बघता दुसराही काढा. रेघेच्या आतच वाळून काळा पडला, तर वर्षभराचं औषध पुरं करा, आणि पुढच्या पावसाळ्यानंतर त्याच्या शेंड्याचा आणि बुंध्याचा एकेक फोटो मला पाठवा.